उपवासाच्या दिवशीची गोळी

मुलीच्या ॲपला सगळेजण छान म्हणत होते आणि त्यामुळेच ती रडकुंडीला आली होती.

मी इथे परदेशात, ब्लँचर्डस्टाउनला तिच्याकडे राहायला आल्यापासून बघत होते. दिवसभर ऑफिसचे काम, आणि घरी आली की स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुन्हा तोच लॅपटॉप. हे दुसरे काम मात्र ती हौसेने करायची. वेळेवर गोळ्या घ्यायची आठवण करून देणारे ॲप होते ते. ते कुठल्या कंपनीचे नाही. निरनिराळ्या देशांतली माणसे आपापल्या घरून, फावल्या वेळात ते बनवतात आणि ज्याला हवे त्याने ते वापरावे. आत काय कसे केले आहे तेही लपवलेले नसते. मला हे कळेना, तेव्हा ती म्हणाली, "आई, दार उघडं ठेवून स्वयंपाक केल्यासारखं आहे बघ. कुणीही आत यावं, झाकण काढून बघावं, मीठ कमी आहे म्हणावं."

त्यात मराठी तिने घातले होते. दोन वर्षे लागली. इथल्या डॉक्टर-इंजिनिअर मुलांकडे आमच्यासारखे आईबाप सहा-सहा महिने येऊन राहतात. गावाकडच्या गोळ्या वेगळ्या, इथे मिळतात त्या वेगळ्या, आणि डबीवर सगळे इंग्रजी. मुले कामावर गेली की विचारायचे कुणाला? म्हणून तिने हे मनावर घेतले होते.

पण नुसते घालून चालत नाही. त्या ॲपच्या भाषांचे काम इथल्याच कासलबार गावच्या एक बाई बघतात. निवृत्त नर्स आहेत, नियमाला पक्क्या. नवी भाषा असेल तर निदान दहा माणसांनी ती रोज वापरून बघायची आणि काय चुकते ते लिहून कळवायचे. तसे झाले नाही तर ती भाषा ठेवायची नाही. औषधाचा मामला आहे, त्यांचेही बरोबरच होते. मराठीला ऑगस्ट संपेपर्यंत मुदत होती.

मुलीने इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर लिंक टाकली, वापरून बघा आणि चुका सांगा म्हणून हात जोडले. उत्तरे भराभर आली. छान. मस्त. ग्रँड. अभिमान वाटतो तुझा. एकीने फुलांचा गुच्छ पाठवला. चूक एकानेही सांगितली नाही. मुलीने हे कासलबारला कळवले तर त्या बाईंचे दोन ओळींचे उत्तर आले. इतक्या माणसांना एकही चूक सापडत नाही म्हणजे कुणी नीट बघितलेले नाही, असे त्यांनी लिहिले होते.

मग तिने मंडळातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या काकांना फोन लावला. मी भाजी निवडत होते, फोन स्पीकरवर होता.

"काका, तुम्ही तरी खरं सांगा. काहीतरी खटकलं असेलच ना?"

"अगं, आपल्या लेकीच्या कामाला नावं कोण ठेवील? तू केलंयस म्हणजे चांगलंच असणार."

"ठेवा ना नावं, काका! मला तेच हवंय."

"छे, छे. उगाच काहीतरी. आम्ही सगळे तुझ्या पाठीशी आहोत."

फोन ठेवून ती म्हणाली, "पाठीशी आहेत म्हणे. समोर या की जरा!"

मला हसू आले, पण मी मान वर केली नाही. कारण माझ्या फोनवरही ते ॲप होते, मीही पहिल्या दिवशी "छान केलंस गं" म्हणून मोकळी झाले होते. आणि मला तर चुका दिसत होत्या. आपल्यात कुणाकडे जेवायला गेलो आणि आमटी खारट झाली तर आपण पाणी जास्त पितो, आणि निघताना आमटी मस्त झाली होती म्हणून सांगतो. मी तेच करत होते.

शिवाय मला वाटायचे की चूक माझीच असणार. गोळी घेतली की फोनवर दोन-तीन ओळी येतात, पुढची गोळी कधी, पाण्याबरोबर की दुधाबरोबर. माझी दुसरी ओळ वाचून होईपर्यंत ते निघून जायचे. मी चौथीपर्यंत शिकले. वाचते, पण ओठ हलवत, सावकाश. मला वाटले, शिकलेल्या माणसांना एवढा वेळ पुरत असेल. आपण हळू आहोत हे पोटच्या पोरीला कशाला सांगा?

मग श्रावणातला पहिला सोमवार आला.

साखरेची एक गोळी मला दुपारच्या जेवणानंतर असते आणि एक रात्रीच्या जेवणानंतर. सोमवारी मी दिवसभर उपवास करते आणि संध्याकाळी सोडते. मुलीला ते पसंत नाही, पण माझ्यापुढे तिचे चालत नाही. दुपारी मी भगर आणि दाण्याची आमटी खाल्ली. फोन वाजला. 'जेवण झाले का?' खाली दोनच बटणे, हो आणि नाही. आता उपवासाच्या दिवशी जेवले म्हणून कसे सांगणार? माणसाशीही खोटे बोलवत नाही आणि फोनशीही नाही. मी 'नाही' दाबले. अर्ध्या तासाने पुन्हा विचारले. पुन्हा 'नाही'. तिसऱ्यांदा 'नाही' म्हटल्यावर तो गप्प बसला. गोळी जेवणानंतरची, जेवण झाले नाही, म्हणजे आज गोळी नसेल, असे मी धरून चालले.

संध्याकाळी सातला वरणभात खाऊन उपवास सोडला. या दिवसांत इथे सातला लख्ख ऊन असते, त्यामुळे मला अजून उपवास मोडल्यासारखेच वाटते. मुलगी आणि जावई दोघेही यायचे होते. फोनने विचारले, मी आनंदाने 'हो' दाबले. तर वर आले, 'आता घ्या', आणि खाली दोन गोळ्यांची चित्रे. दुपारची आणि रात्रीची. दोन्ही एकदम.

मी दोन्ही गोळ्या काढून तळहातावर घेतल्या. पाण्याचा पेला दुसऱ्या हातात होता. फोन सांगतो आहे, फोनमध्ये मुलीची अक्कल आहे, तर घ्यायलाच हव्यात असे वाटले. पण आमच्या आळीतल्या एका बाईने अशाच दोन गोळ्या चुकून घेतल्या होत्या आणि ती मोरीत चक्कर येऊन पडली होती, तिचा चेहरा डोळ्यांसमोर आला. मी एक गोळी परत ठेवली आणि एकच घेतली.

त्यानंतर मी बराच वेळ खुर्चीवर बसून राहिले. मला त्या बाईची आठवण आली म्हणून मी थांबले. जिला कुणाची आठवण येणार नाही ती काय करील? पेल्यातले पाणी पिऊन मोकळी होईल. आणि मग कुणीतरी म्हणेल, अमकीच्या मुलीच्या ॲपने सांगितले होते.

मुलगी आली, हातपाय धुऊन चहाला बसली. मी तिच्याकडे पाठ करून प्रेसमधला डबा शोधण्याचे नाटक करत सांगायला सुरुवात केली. इथे भिंतीतल्या कपाटाला प्रेस म्हणतात, आता माझ्याही तोंडी तेच बसले आहे.

"तुझ्या त्या ॲपचं एक सांगायचं होतं. रागावू नकोस."

"बोल ना."

मी सांगितले. तिला आधी कळलेच नाही.

"अगं आई, भगर खाल्लीस ना? मग हो दाबायचं!"

"भगर म्हणजे जेवण? उपवासाच्या दिवशी जेवले म्हणू?"

"ॲपला काय माहीत तुझा उपवास?"

"तेच तर. त्यानं विचारलंच नाही."

तिने कप उचलला. मग एकदम म्हणाली, "थांब. सातला काय दाखवलं म्हणालीस? दोन्ही?"

"दोन्ही."

"घेतल्यास?"

"नाही. एकच."

तिने कप खाली ठेवला. तिचा चेहरा असा पांढरा पडलेला मी तिच्या बारावीच्या निकालाच्या दिवशी पाहिला होता. ती लॅपटॉप उघडून बसली, माझ्या फोनवर मी केले तसे तिने तिथे केले. तीनदा नाही, मग हो. दोन गोळ्या आल्या. तिने पुन्हा करून बघितले. पुन्हा दोन.

मला वाटले आता ही रडणार. ती उठली आणि माझ्या दोन्ही खांद्यांना धरून म्हणाली, "आई, तू हे लिहून दे."

"मी? तू लिही की."

"नाही. वापरलं तू, लिहायचंही तूच. तीनच गोष्टी लिही. तू काय केलंस, काय दिसलं, आणि काय दिसायला हवं होतं. बास."

एवढ्याने मला झोप कुठली यायला. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे गेल्यावर मी वही घेऊन बसले आणि हात थबकला. सिन्नरला असताना मी विड्या वळायची. पान कापायचे, तंबाखू भरायची, वळून दोरा बांधायचा. मुलीचे शिक्षण त्यावर झाले. तयार माल घेऊन कारखान्यात गेले की चेकर एकेक जुडी उचलायचा आणि बोटाने विड्या बाजूला उडवायचा. त्याला छाट म्हणत. का काढली ते तो कधी सांगायचा नाही. पान पातळ होते, की दोरा सैल होता, की त्या दिवशी त्याचे डोके दुखत होते, काही कळायचे नाही. घरी येऊन मी पुन्हा तशाच वळायची, कारण काय बदलायचे ते ठाऊकच नसायचे. मुलगी माझ्याशेजारी उभी असायची आणि तो ढीग बघायची. आता तिच्या कामावर बोट ठेवणारी मी व्हायचे, हे मला जड जात होते.

पण चेकरने जे कधी केले नाही ते मला करता येत होते. का चुकले ते मला सांगता येत होते. मी लिहिले. सोमवारी बाराला भगर खाल्ली, तीनदा नाही दाबले, कितीच्या सुमारास दाबले, सातला वरणभात खाल्ला, हो दाबले, दोन गोळ्या दिसल्या. एक दिसायला हवी होती. आणि उपवासाचे माणूस असेल तर त्याला तिसरे बटण हवे. हे सगळे अर्ध्या पानात बसले. मग पान उरले म्हणून मी ते ओळी पटकन निघून जाण्याचेही लिहिले, आणि अक्षर मोठे केले की खालचे बटण दिसेनासे होते तेही. हात मोकळा झाल्यावर एकूण सात चुका निघाल्या.

मुलीने संध्याकाळी वही वाचली. तिने त्या पानांचा फोटो काढला आणि खाली इंग्रजी करून तो जसाच्या तसा पाठवला. माझे ते बाळबोध अक्षर तिथे सगळ्या जगाला दिसत होते. मी तिला म्हटले, निदान वेलांट्या तरी तपासायच्या होत्यास. ती म्हणाली, "वेलांट्या कुणी बघत नाहीये, आई."

दोन दिवसांनी कासलबारच्या बाईंचे उत्तर आले. मुलीने ते मला मराठीत वाचून दाखवले. त्यांनी माझ्या कागदावर लिहिल्याप्रमाणे पायरी पायरीने इंग्रजीत करून बघितले होते आणि त्यांनाही दोन गोळ्या दिसल्या होत्या. म्हणजे दोष मराठीत नव्हता, मुळातच होता, सगळ्या भाषांत होता. ज्याला त्या दिवशी जेवण गेले नाही, मळमळते म्हणून जेवला नाही, रोजा धरला, त्या प्रत्येकाला ते ॲप दोन गोळ्या देत होते. आजवर कुणी कळवले नव्हते. शेवटी त्यांनी लिहिले होते की चाळीस वर्षे वॉर्डात काम केले, असा स्वच्छ रिपोर्ट फार कमी जणांनी लिहून दिला.

जावई औषधांच्या कारखान्यात आहेत. ते जेवता जेवता म्हणाले, "आई, आमच्या प्लांटमध्ये क्वालिटीत जागा आहे. सोमवारपासून येता का?"

"सोमवारी माझा उपवास असतो," मी म्हटले. मी जावयांशी थट्टा केली ती पहिलीच वेळ.

पण हे माझ्या एकटीचे झाले. दहा माणसे हवी होती आणि हातात दोन आठवडे होते. मंडळाची बैठक शनिवारी वाचनालयाच्या खोलीत होती. मुलगी म्हणाली, "आई, तू तिथे वाचून दाखव."

मी नाही म्हटले. शुक्रवारीही नाही म्हटले. चार माणसांत मी कधी तोंड उघडलेले नाही. लग्नातसुद्धा नाव घे म्हणून मला दोनदा ओरडून सांगावे लागले होते. शनिवारी बसमध्ये मी तिसऱ्यांदा नाही म्हटले, तेव्हा तिने नुसते "बरं" म्हटले आणि खिडकीबाहेर बघत बसली. ती चिडली असती तर बरे झाले असते. तिचे ते "बरं" मला सोसवले नाही.

खोलीत पंधरा-वीस माणसे होती. टेबलावर ढोकळा, चिवडा, चहाचा मोठा थर्मास. मुलगी उभी राहून पुन्हा सांगू लागली, चुका कळवा, मराठी वगळतील. सगळे माना डोलवत होते. काका म्हणाले, "काळजी करू नकोस, सगळं उत्तम आहे." तेव्हा मी उभी राहिले. वही उघडली आणि वाचायला लागले. माझ्या वाचण्याच्या वेगाने ते अर्धे पान संपायला वेळ लागला. भगर म्हटल्यावर कुणीतरी हसले, पण दोन गोळ्यांपर्यंत आले तेव्हा दोघीतिघींनी आपापले फोन बाहेर काढले होते.

मी खाली बसले. माझ्या शेजारच्या काकू हळूच म्हणाल्या, "अगं बाई, माझंही तस्संच झालं होतं चतुर्थीला! मला वाटलं मीच काहीतरी भलतं दाबलं."

"आणि घेतल्यात?" मुलीने विचारले.

"घेतल्या की. रात्रभर घाम. सुनेला बोलले नाही, म्हटलं हसेल."

त्यांची सून तिथेच होती. ती म्हणाली, "आई! काय हे!" आणि मग एकदम सगळेच बोलायला लागले. एकाची गोळी बंद केली तरी वाजत होती. एकीला फोन आडवा धरला की काही दिसत नव्हते. काकांनी खिशातून फोन काढला. मग घसा खाकरून म्हणाले, "माझी एक बारीकशी तक्रार आहे. रात्री आठची गोळी दुपारी साडेतीनला वाजते."

मुलीने त्यांचा फोन हातात घेतला. "काका, तुमच्या फोनवर भारताची वेळ आहे!"

"मग? मला घरी फोन कधी लावायचा ते कळायला नको?"

"सगळे ज्येष्ठ लोक असंच ठेवतात का?"

सात जणांनी हात वर केले. माझाही त्यात होता. मी गोळ्यांच्या वेळा मनातल्या मनात हिशेब करून घालत होते. ही गोष्ट तर मलाही चूक म्हणून सुचली नव्हती.

लोक चहाकडे सरकू लागले तशी मी थर्मासपाशी जाऊन उभी राहिले. मला कुठून धीर आला माहीत नाही. "आधी कागदावर लिहा, मग चहा," मी म्हटले. "काय केलंत, काय दिसलं, काय दिसायला हवं होतं."

"आणि काहीच चुकलं नसेल तर?" काकांनी विचारले.

"तर मग पाणी प्या."

काकांनी तीन कागद लिहिले. मुलगी कोपऱ्यात उभी राहून माझ्याकडे बघत होती. विड्या मोजून झाल्या की मी ज्या नजरेने तिच्या प्रगतिपुस्तकाकडे बघायची, तसेच काहीसे ते बघणे होते. मी नजर चुकवून कपात चहा ओतत राहिले. त्या दिवशी चौदा जणांनी लिहून दिले, आणि पुढच्या शनिवारी त्यातलेच लोक आणखी लिहून घेऊन आले. आता बोलवावे लागले नाही.

मराठी राहिले. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात नवे ॲप आले, त्यात 'जेवण', 'फराळ' आणि 'काहीच नाही' अशी तीन बटणे होती, आणि चुकलेली गोळी पुढच्या गोळीत मिसळायची नाही हे सगळ्याच भाषांत दुरुस्त झाले होते. फोन भारताच्या वेळेवर असेल तर ते आधी विचारते, तुम्ही आत्ता कुठे आहात? कासलबारच्या बाईंनी मुलीला लिहिले की माझ्या तीन प्रश्नांचा कागद त्यांनी आता दुसऱ्या भाषांच्या लोकांनाही पाठवायला घेतला आहे. तीन प्रश्न मुलीचे, मी फक्त ते पाळले. तसे मी तिला कळवायला सांगितले. तिने कळवले की नाही कोण जाणे.

परवा दुपारी मी एकटी असताना फोन वाजला. अनोळखी नंबर मी उचलत नाही. त्या दिवशी उचलला. किलकेनीहून एक बाई बोलत होत्या. मुलगा तिथल्या दवाखान्यात डॉक्टर, त्या नुकत्याच आल्या होत्या. आवाज इतका बारीक की मला फोन कानाला घट्ट दाबावा लागला.

"तुम्हीच का त्या ॲपवाल्या ताई? मला इथं एकीनं तुमचा नंबर दिला. म्हणजे... छानच आहे हो ॲप. फक्त... जाऊ दे, माझंच काहीतरी चुकलं असेल."

"तुमचं काही चुकलेलं नाही," मी म्हटले. "थांबा, पेन घेते. हं, आता सांगा. सकाळपासून सांगा."